वीस जणांचा क्लब

मेंबरशिप चेअरमन नावाच्या माणसाकडे मेंबर जमत नाहीत, किस्से जमतात! गेली अकरा वर्षं मी आमच्या सेवा क्लबाचा मेंबरशिप चेअरमन आहे. एकाच माणसाकडे हे पद इतकी वर्षं राहिलं म्हणजे तो फार कर्तबगार असतो असं नाही, दुसरं कोणी हात वर करत नाही एवढंच. नवे मेंबर शोधायचे आणि जुने टिकवायचे, हे माझं काम. किती जणांच्या दारात उभा राहिलो, किती ठिकाणी नको असताना चहा प्यायलो, किती जणांनी "नक्की येतो, साहेब" म्हणून हात हातात घेतला, ते आता आठवतही नाही. माणसं आली नाहीत, त्यांचे किस्से तेवढे मी घरी घेऊन आलो. एक सांगायला बसलो की त्याच्या मागोमाग दुसरा येतो. ऐकणारे हसतात, मीही हसतो. हल्ली मात्र सांगता सांगता मधेच थांबायला होतं.

आमचा क्लब नाशिकचा. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला कॉलेज रोडच्या मागच्या एका शाळेत, चित्रकलेच्या वर्गात आमची सभा भरते. बाकं पाचवीच्या मुलांच्या मापाची. साठी ओलांडलेली माणसं गुडघे बाहेर काढून त्यावर बसतात आणि रक्तदान शिबिर, पेठकडच्या पाड्यावरची पाण्याची टाकी, सातपूरच्या कामगारांची डोळे तपासणी असल्या विषयांवर तावातावानं बोलतात. एके काळी आम्ही बावन्न होतो. तेव्हा बाकं कमी पडायची, आता उरतात. आणि वरच्या कार्यालयाचा नियम असा, की मेंबर विसाच्या खाली गेले की क्लबाची सनद परत घ्यायची. सनद गेली की क्लब संपला. गेली दोन वर्षं आम्ही त्या विसाच्या काठावरच उभे आहोत.

*

बावन्नातले निम्मे तरी पिंगळे सरांनी आणलेले. सर आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवायची सवय. अंबडला माझं जिग-फिक्श्चरचं, म्हणजे मशीनवर काम धरून ठेवायची साधनं बनवायचं, छोटं वर्कशॉप होतं. मलाही सरांनी तिथूनच उचलून आणलं. पण सुनील बोरस्तेला त्यांनी जसं आणलं, तसं कोणी कोणाला आणलं नसेल!

बोरस्ते निफाडकडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. नाशकात औषधांची एजन्सी चालवतो. एकदा त्र्यंबक नाक्याजवळ त्याच्या मोटरसायकलची सरांच्या स्कूटरला धडक बसली. सर रस्त्यावर आडवे. पँट फाटलेली, गुडघ्यातून रक्त येतंय, भोवती गर्दी. बोरस्ते घाबरून पळत आला.

"काका, लय लागलं का? दवाखान्यात चला."

सरांनी त्याचा हात धरला. "गुरुवारी संध्याकाळी मोकळे असता का?"

"काका, डोक्याला नाय ना लागलं?"

"डोक्याला नाही, गुडघ्याला. तुम्ही गुरुवारचं सांगा."

बोरस्तेला वाटलं, नाही म्हटलं तर म्हातारा पोलिसात जाईल. तो गुरुवारी मुकाट्यानं आला. त्या भीतीनं पुढचे तीन गुरुवार आला. चौथ्या गुरुवारी सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की मी काही तक्रार करणार नाही, आता नाही आलात तरी चालेल. बोरस्ते म्हणाला, "आता सांगून काय उपयोग? पुढच्या आठवड्यात शिबिराचा मंडप माझ्याकडे हाय!"

आज तो आमचा सेक्रेटरी आहे. हजेरीचं रजिस्टर त्याच्याकडे असतं, आणि हजेरी मांडताना हल्ली तो फार हळू लिहितो.

*

मला सरांसारखं जमत नाही. मी अभ्यास करून जातो, माहितीपत्रक छापतो आणि फसतो.

एकदा मी डोकं चालवलं. म्हटलं, नव्या लोकांना मेंबर व्हा म्हणून बोलावलं की ते येत नाहीत, पण भाषण द्यायला बोलावलं की येतात. मग दर महिन्याला एक तरुण वक्ता बोलवायचा, त्याला शाल द्यायची, श्रीफळ द्यायचं आणि त्याच्यासोबत सदस्यत्वाचा फॉर्म! पहिलीच पाळी एका फिजिओथेरपिस्ट मुलीची. गंगापूर रोडला तिनं नुकतंच क्लिनिक टाकलं होतं. ती 'उतारवयातील गुडघेदुखी' या विषयावर बोलली. पाचवीच्या बाकांवर बसून आम्ही सगळ्यांनी अगदी मनापासून ऐकलं.

शाल झाली, नारळ झाला, मी फॉर्म पुढे केला. तिनं तो वाचला, घडी घातली आणि हसून मला परत दिला.

"काका, खरं सांगू? मला वाटलं इथे पेशंट मिळतील. तुम्हाला वाटलं मेंबर मिळेल. दोघांचंही काम झालं नाही."

तेवढ्यात मागून दत्तूकाका शिरसाठ ओरडले, "माझा गुडघा घे ना, पोरी! निदान तुझं तरी काम होऊ दे!"

दत्तूकाका म्हणजे आमच्यातले वयानं सगळ्यांत मोठे. हार्डवेअरचं दुकान, मोठा आवाज, आणि कोणाचीही अडचण झाली की अशी काहीतरी फोडणी देऊन सुटका करायची हातोटी. ते खरोखरच तिच्याकडे महिनाभर जाऊन आले. दर वेळी तिला क्लबाचं विचारत होते म्हणे. ती आली नाही, काकांचा गुडघा मात्र बरा झाला.

*

या दत्तूकाकांनी एकदा आमच्या तोंडचं पाणी पळवलं. सकाळी नऊ वाजता क्लबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओळ आली, 'दत्तू शिरसाठ लेफ्ट'. तेव्हा आम्ही बावीस होतो. मी दोन वेळा फोन लावला, उचलला नाही. बोरस्तेनं लावला, उचलला नाही. अर्ध्या तासात आम्ही सहा जण त्यांच्या दारात! कोणी म्हणालं, मागच्या सभेत त्यांना मधेच थांबवलं त्याचा राग आला असेल. कोणी म्हणालं, शिबिराच्या बॅनरवर त्यांचं नाव राहिलं. मी पायऱ्या चढता चढता माफीची वाक्यं जुळवत होतो.

काका बनियनवर बाहेर आले. नातवानं त्यांना नवा फोन आणून दिला होता आणि जुन्यातून नव्यात जाताना काहीतरी भलतं बटण दाबलं गेलं होतं. आमची सहा तोंडं पाहून ते आधी चमकले.  मग आत जाऊन शर्ट घालून आले, सगळ्यांना बसवलं, चिवडा काढला.

"एका बटणावर सहा जण!" ते म्हणाले. "मला वाटायचं, मी नाही आलो तरी कोणाच्या लक्षात येणार नाही."

आम्ही हसलो. त्यातल्या निम्म्यांच्या मनात आकडाच होता, हे त्यांना कसं सांगायचं?

*

मेंबर जातो तेव्हा तो कारण सांगतो एक आणि असतं दुसरंच. हे मला येवल्याच्या साळींनी शिकवलं.

रमेश साळी हे पैठणी विणणारे. घरात तीन माग. कुठल्याशा प्रदर्शनात त्यांची नि आमची ओळख झाली आणि ते मेंबर झाले. दर गुरुवारी दुपारची एसटी धरून येवल्याहून यायचे, सभा आटोपली की शेवटच्या गाडीसाठी पळायचे. नऊ वर्षं! आम्ही नव्या माणसांना त्यांचं उदाहरण द्यायचो. बघा, येवल्याहून येतात, आणि तुम्हाला इंदिरानगरहून यायला जड जातं!

मग ते यायचे थांबले. पत्र आलं, 'प्रवास झेपत नसल्याने'. बरोबरच होतं, वय झालं होतं. तरी माझं काम म्हणून मी आणि बोरस्ते येवल्याला गेलो. साळी मागावर बसले होते. आम्हाला पाहून उठले, बायकोला हाक मारली, चहा झाला. अर्धवट विणलेल्या पदरावर मोर होते. मी म्हटलं, "किती बारीक काम आहे हो! किती दिवस लागतात एका पदराला?"

साळी माझ्याकडे पाहत राहिले. "नऊ वर्षांत हे पहिल्यांदा विचारलं कोणी."

मग तेच पुढे म्हणाले, "भाऊ, राग नाही. पण नऊ वर्षं मी नाशिकला आलो. तुम्ही एकदा येवल्याला आला असता, तर गाडीचं मला काही वाटलं नसतं." मग म्हणाले, "पिंगळे सर येऊन गेले दोनदा. एकटेच आले होते."



*

अंबडच्या एका कंपनीत मात्र आम्ही बाजी मारली होती. निदान एक आठवडाभर तरी!

तिथल्या अधिकाऱ्यांच्या ओळखीनं तरुण इंजिनिअर पोरांसमोर क्लबाची माहिती द्यायची परवानगी मिळाली. पोरं शांतपणे ऐकत होती. शेवटी मी कागद फिरवला, ज्यांना यायचंय त्यांनी नाव लिहा. चौदा नावं! मला तर गाडी चालवताना गाणं म्हणावंसं वाटत होतं. चौदा आणि आम्ही एकवीस. वीस हा आकडा आता पाठीमागे पडला! गुरुवारी बाकं पुसून घेतली, चौदा बटाटेवडे जास्तीचे सांगितले. पिंगळे सर म्हणाले, "पोरांना वर्ग सापडायचा नाही, मी गेटवर उभा राहतो."

साडेसहा झाले, सात झाले. एक पोरगा आला. त्यानं दारातूनच आत डोकावून विचारलं, "सर, इथे सही करायची का?" मग कळलं, की आमच्या भाषणाला बसणं त्यांना सक्तीचं होतं आणि माझा कागद म्हणजे हजेरीपत्रक, अशी चौदाही जणांची समजूत झाली होती. हा एकटा प्रामाणिक! पुढेही काही सही लागत असेल म्हणून शिफ्ट संपल्यावर तसाच आला होता. त्याला दोन वडे खाऊ घालून आम्ही परत पाठवलं.

सर अजून गेटवरच होते. मी त्यांना आत बोलवायला गेलो. अंधार पडत होता. त्यांनी मला लांबून येताना पाहिलं, पुढे आले आणि माझा हात धरला.

"या, या! वर्ग इकडे आहे. पहिल्यांदाच येताय ना?"

मी मोठ्यानं हसलो. मला वाटलं, सर चौदा पोरांवरून माझी थट्टा करताहेत. आत येऊन मी तो विनोद सगळ्यांना सांगितला आणि सगळे हसले. सरही हसले. ते सगळ्यात शेवटी हसले, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

*

आमच्याकडे एक जुनी प्रथा आहे. सभा सुरू झाली की प्रत्येकानं उभं राहून आपलं नाव आणि व्यवसाय सांगायचा. नव्या माणसाला सगळे कळावेत म्हणून कोणीतरी कधीतरी हे सुरू केलं. आता नवा माणूस येत नाही, तरी आम्ही सांगतो. वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहून "मी अविनाश जाधव, जिग-फिक्श्चर" असं गंभीरपणे सांगायचं. बाहेरचा कोणी पाहील तर वेड लागलंय म्हणेल!

एका गुरुवारी सरांची पाळी आली. सर उभे राहिले, "मी" म्हणाले आणि थांबले. पंख्याचा आवाज येत होता. त्यांनी खिशातलं पेन काढून पाहिलं, परत लावलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना नाव हवं होतं आणि मला ते द्यायला सुचलं नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली.

त्यांच्या शेजारी दत्तूकाका होते. ते उठले, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मी दत्तू शिरसाठ, हार्डवेअर. आणि हे पिंगळे सर. आपल्याला सगळ्यांना यांनीच इथे आणून बसवलंय."

बोरस्तेनं रजिस्टरमधून मान वर न काढता सांगितलं, "आजपासून असंच करायचं. आपलं सांगायचं आणि शेजारच्याचं पण सांगायचं."

कोणी का म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही तसंच करतो. सर शांतपणे बसतात, शेजारचा उठून त्यांचं नाव सांगतो, सर सगळ्यांना नमस्कार करतात. पुढे वरच्या कार्यालयाचे एक साहेब पाहणीला आले होते. त्यांना ही पद्धत फार आवडली. म्हणाले, "वा! यानं मेंबर एकमेकांशी बांधले जातात. कल्पना कोणाची?"

बोरस्ते म्हणाला, "पिंगळे सरांची."

त्या दिवशी सरांना न्यायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. शाळेच्या गेटपाशी सर रिक्षात बसेपर्यंत त्या माझ्याशी बोलत उभ्या राहिल्या.

"भाऊ, घरात त्यांना कुठलाच वार कळत नाही हो. मुलीचं नाव चुकतं. कधी कधी मला मावशी म्हणतात. पण गुरुवार कळतो. कसा ते देव जाणे! सकाळपासून इस्त्रीचा शर्ट मागतात. त्या दिवशी जेवतात नीट, चिडत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "तुमचे मेंबर कमी झालेत, असं ऐकलं. क्लब बंद नाही ना होणार?"

मी म्हटलं, "नाही होऊ देणार, वहिनी." मेंबरशिप चेअरमन या नात्यानं मी अकरा वर्षांत दिलेला हा एकच शब्द.

*

मार्गशीर्षात दत्तूकाका गेले. सकाळी दुकानाचं शटर वर करता करताच बसले आणि तिथेच संपलं.

अमरधामात आम्ही सगळे होतो. काकांचा मुलगा पाणी घेऊन फिरत होता, गुरुजी काही सांगत होते. बोरस्ते माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि खाली बघत पुटपुटला, "भाऊ, आता वीसच."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. इथे? आत्ता?  पण मी त्याच्याआधीच मोजून मोकळा झालो होतो! सकाळी फोन आला, मी "अरेरे" म्हटलं, फोन ठेवला, आणि चपला शोधता शोधता माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की एकवीसमधून एक गेला. त्यांचा आवाज नाही आठवला, गुडघा नाही आठवला, चिवडा नाही आठवला. आकडा आठवला.

पिंगळे सर बाकावर बसले होते. त्यांनी वहिनींना विचारलं, "कोण गेलं?"

"दत्तूभाऊ गेले."

सर रडायला लागले. अगदी लहान मुलासारखे, खांदे हलवून. वहिनींनी पाणी दिलं, डोळे पुसले. जरा वेळ गेला. चितेकडे पाहून सरांनी पुन्हा विचारलं, "कोण गेलं?"

"दत्तूभाऊ."

सर पुन्हा रडले. असं चार वेळा झालं. चारही वेळा त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. आम्ही बाकीचे उभे होतो, मोबाइल खिशात थरथरत होते, कोणी घड्याळ पाहत होतं. मी सरांकडे पाहिलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली, की अग्नी दिल्यावर कोणाशी न बोलता मी घरी निघून आलो.

*

सोमवारी मी राजीनामा लिहिला. चार ओळींचा. माणूस गेल्यावर ज्याला आकडा आठवतो त्यानं सेवा क्लबात राहू नये, असं त्यात लिहिलं नाही. 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहिलं. मेंबर जाताना खरं कारण सांगत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

बोरस्तेच्या एजन्सीत जाऊन पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं उघडलं नाही.

"भाऊ, तुम्ही गेले की एकोणीस."

"माहितीये."

"एकोणीस झाले की सनद गेली. सरांचा गुरुवार गेला."

"सुनील, मला आता हे आकडे नको झालेत रे! कोणी दारात दिसला तरी मी माणूस पाहत नाही, विसावा की एकविसावा तेवढं पाहतो. मला नाही होत आता."

 आमच्याकडे राजीनामा सभेत वाचून दाखवला की मगच तो लागू होतो. त्यानं पाकीट रजिस्टरमध्ये ठेवलं आणि म्हणाला, "ठीक हाय. गुरुवारी वाचतो."

वहिनींना दिलेला शब्द मला त्या दोन दिवसांत किती वेळा आठवला, ते सांगत नाही. पण राजीनामा मी परत मागितला नाही.

*

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास आमच्या दाराची बेल वाजली. दारात पिंगळे सर! इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. मागे वहिनी, दमलेल्या. मी वहिनींना हळूच विचारलं, बोरस्तेनं पाठवलं का? त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मला काही माहीत नाही, भाऊ. सकाळपासून एकच धरून बसलेत, एका माणसाला क्लबात आणायचं राहिलंय म्हणून. कोण ते सांगता येईना, पत्ता सांगता येईना. शेवटी रिक्षात बसवलं, तर डावीकडे, उजवीकडे, असं हातानं दाखवत इथे आले."

सर आत येऊन खुर्चीत बसले. घर पाहिलं, खिडकीतली तुळस पाहिली. मला शेजारी बसवलं आणि माझा हात धरला.

"माफ करा, ओळख नसताना आलो. आमचा एक क्लब आहे. फार मोठा नाही. चांगली माणसं आहेत. तुम्ही काय करता?"

"जिग-फिक्श्चर बनवायचो. आता बंद केलं."

"अहो, वा! असा माणूस तर आम्हाला हवाच आहे." त्यांनी खिशातून चौघडी केलेला फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवून सरळ केला. खूप जुना होता, कडा पिवळ्या पडलेल्या. एक पेन मला दिलं, एक स्वतःच्या हातात ठेवलं. "भरा. मी बसलोय."

मी वहिनींकडे पाहिलं. 

मी नाव लिहिलं. पत्ता लिहिला. व्यवसाय लिहिला. पुढे एक रकाना होता, 'क्लबात का यावेसे वाटते?' तिथे माझं पेन थांबलं. अकरा वर्षं हा रकाना मी दुसऱ्यांकडून भरून घेत होतो.

सरांनी वाकून पाहिलं. "ते राहू द्या. ते आधी कोणालाच माहीत नसतं."

मी रकाना रिकामा सोडला आणि खाली सही केली. 

सर खूश झाले. त्यांनी फॉर्म माझ्याकडून घेतला. शेवटची ओळ राहिली होती, 'नाव सुचवणारा सभासद'. सरांनी पेनाचं टोपण काढलं, पेन कागदावर टेकवलं. तसेच राहिले. पंखा बंद होता, बाहेर भाजीवाल्याची हाक आली. वहिनी खिडकीकडे वळल्या.

सरांनी फॉर्म पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी त्या ओळीवर त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.

सरांनी कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि ते नाव हळूहळू, एकेक अक्षर वाचलं. दोनदा वाचलं. मग त्या नावावर बोट ठेवून मला विचारलं, "हे पिंगळे कोण? तुमच्या ओळखीचे आहेत?"

"हो, सर. चांगले ओळखीचे आहेत."

"माणूस कसा आहे?"

"फार चांगला."

सरांनी मान डोलावली. फॉर्मची घडी घातली, खिशात ठेवली. उठताना माझा हात पुन्हा धरला आणि वहिनींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "मग उद्या येताना त्यांनाही घेऊन या ना. घरी एकटेच बसत असतील."